विषय: बाळाचे पट्ट्यांचे बिनपंजाचे मोजे आणि आईच्या वहीतला १० नंबर

मंडळी, नमस्कार.

तीन आठवडे झाले, मी माहेरी आहे, यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात. भावाची मुलगी पाच महिन्यांची झाली आणि या संक्रांतीला तिचं बोरन्हाण आहे. तिच्यासाठी मी ओहायोतून लेग वॉर्मरचा एक जोड विणून आणला होता. तो चुकला. का चुकला हे इथे आल्यावर कळलं. आपल्या मंडळात निदान चार-पाच जणी सध्या नातवंडांसाठी विणताहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाकडे आईची किंवा सासूची जुनी वही असेल तर हीच चूक त्यांच्याही हातून होईल, म्हणून सविस्तर लिहिते.

आईच्या वहीत असं होतं: ‘१० नं. सुई, ४ प्लाय लोकर, ४६ टाके.’ मी तिकडच्या दुकानातून १० नंबरची सुई आणली आणि लेबलवर ठळक ४ छापलेली लोकर घेतली. टाके मोजून ४६ घातले. जोड तयार झाल्यावर आडवा मोजला तर गोलाई जवळजवळ २८ सेंटिमीटर. म्हटलं बाळ वाढेल, येईल कामाला. इथे तिच्या पायात घातला आणि पाय उचलताच तो सरळ घसरून खाली पडला.

आईने मोजा हातात घेतला, दोन बोटांनी ताणून पाहिला आणि म्हणाली, “सुई दाखव बरं.” मी सुई दिली. तिने तिची १० नंबरची तिच्याशेजारी धरली. तिची सुई उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडी जाड, माझी जवळजवळ दुप्पट. “विणकाम चांगलं हाय तुहं. नंबरच वायला हाय.”

खरंच नंबर वेगळा आहे. आपल्याकडे सुयांना जुने इंग्लंडचे नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत नंबर वाढला की सुई जाड होते. आपली १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, आणि ती अमेरिकेत ३ नंबर म्हणून मिळते. अमेरिकेची १० नंबर ६ मिलिमीटरची. आपली ८ नंबर ४ मिलिमीटर, ती तिकडे ६ नंबर. लोकरीचंही तसंच. आईच्या वहीतलं ‘४ प्लाय’ म्हणजे बारीक लोकर, अमेरिकेच्या लेबलवर ती १ आकड्याखाली, फिंगरिंग या नावाने असते. लेबलवरचा ४ हा जाडीचा गट आहे, तिकडे त्याला वर्स्टेड म्हणतात, आणि ती चांगलीच जाड लोकर. म्हणून वही उघडल्यावर नंबर पाहू नका, मिलिमीटर पाहा. जुन्या सुईवर काही छापलेलं नसेल तर मोजपट्टीवर आडवी ठेवून बघा.

आता नवा जोड. बोरन्हाणाला बाळ काळं झबलं घालणार, म्हणून पट्टे काळे-पांढरे. आईने आधी टेप घेतलाच नाही. बाळ दूध पिऊन निवांत झाल्यावर तिने पांढरा दोरा पोटरीभोवती, मग मांडीभोवती, मग जांघेपासून घोट्यापर्यंत धरला, तिन्ही ठिकाणी गाठी मारल्या आणि दोरा वहीत ठेवून दिला. टेप लावला की लेकरू पाय ओढून घेतं, दोऱ्याला काही म्हणत नाही, असं तिचं म्हणणं. मी नंतर दोरा मोजला: पोटरी १९, मांडी २५, लांबी २४ सेंटिमीटर.

सुई ३.२५, लोकर बारीक. माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २६ टाके आणि ३४ ओळी बसतात. तुमचा हात वेगळा असेल, तेव्हा आधी चार बोटं विणून मोजा. पांढऱ्या लोकरीने ४६ टाके. यातले दोन शिवणीत जातात. बॉर्डर दोन सुलट दोन उलट, १४ ओळी. ओळ दोन सुलट टाक्यांनी सुरू होते आणि दोन सुलटनेच संपते, त्यामुळे शिवण घातल्यावर दोन्हीकडचा एक-एक टाका आत जातो आणि बाहेरून दोनाची जोडी पूर्ण दिसते. ४४ घातले असते तर शिवणीशी नक्षी तुटली असती. तो ४६ आकडा आईने कुठून आणला हे मला आत्ता समजलं.

मग सुलट बाजू सुलट, उलट बाजू उलट, प्रत्येक पट्टा ४ ओळींचा. एकूण १३ पट्टे, ७ काळे आणि ६ पांढरे. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या काळ्या पट्ट्याच्या पहिल्या ओळीत दोन्ही कडांना एक-एक टाका वाढवायचा, शेवटी ५४ होतात. पट्ट्याच्या ओळी नेहमी सम संख्येत ठेवा, म्हणजे रंग एकाच कडेला, सुलट बाजूने बदलतो. लोकर दर वेळी कापू नका, कडेकडेने सैल सोडून वर घ्या. वरच्या बॉर्डरला पांढरा रंग लागला की पहिली ओळ अख्खी सुलट विणा आणि दोन-दोन त्यानंतर सुरू करा, नाहीतर उलट टाक्यांत काळे ठिपके दिसतात. बॉर्डर पुन्हा १४ ओळी, आणि टाके बंद करताना ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची सुई घ्या. हे विसरू नका. मांडीवर काठ घट्ट बसला तर बाळाच्या कातडीवर वळ उठतो. दोन्ही मोज्यांना मिळून ५० ग्रॅमच्या आत लोकर लागते.

एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण संध्याकाळी काळे टाके तिला अजूनही नीट वेगळे दिसत नाहीत. मांडीवर पांढरा पंचा अंथरून पाहिला, त्याने बराच फरक पडला, तरी लाईट गेली की सगळंच अंधारात. मग ठरलं की काळे पट्टे मी विणायचे, पांढरे तिने. चार ओळी झाल्या की सुया एकमेकींकडे. तिचा हात घट्ट आहे, माझा सैल, म्हणून पहिल्या मोज्यात पांढरे पट्टे जरा आत ओढलेले दिसतात. दुसऱ्यात मी हात आवळला.

पुढचं नंतर लिहीन. शेतात कापसाची वेचणी चालू आहे, आणि पाहुण्यांचा स्वयंपाकही.

दारव्ह्याची लेक


उत्तर: बाळाचे पट्ट्यांचे बिनपंजाचे मोजे

ताई,

नंबरांबद्दल लिहिलंत, फार बरं झालं. सासूबाईंची वही माझ्याकडेही आहे, वर्ध्याची, आणि मी ‘११ नंबर’ शोधत दुकानं फिरले. तो आपल्याकडचा ३ मिलिमीटर असणार.

माझे दोन प्रश्न. आम्ही मिनेसोटात राहतो, बाहेर बर्फ आणि घरात हीटर. नात चार महिन्यांची आहे. तिला असे मोजे लागतील का, की उकडेल? आणि अ‍ॅक्रिलिकची लोकर चालेल का? धुवायला सोपी पडते. मुलगी म्हणते, हाताने धुवायचे कपडे आणू नकोस.

शिवण नको असेल तर चार सुयांवर विणता येईल का, हेही कुणी सांगावं.

वर्ध्याची सून


उत्तर: उत्तर: बाळाचे पट्ट्यांचे बिनपंजाचे मोजे

नमस्कार मंडळी,

मी स्वतः विणत नाही, पण चार सुयांचं विणकाम जवळून पाहत वाढलोय, म्हणून लिहितो. माझं गाव अर्जुनी-मोरगाव तालुक्यात. १९७२ साली वसलेली नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत आमच्याकडे गोठणगावाजवळ आहे. तो भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात. म्हणूनच लोक अजून तिला भंडाऱ्याची वसाहत म्हणतात. थंडीच्या सुरुवातीला तिथली बरीच माणसं स्वेटर विकायला गावोगावच्या शहरांत जातात. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या उन्हात बसून विणत असत. धान मळून झालेलं असायचं, आम्ही पोरं तणसाच्या ढिगावर खेळायचो आणि त्या शेजारी बसून विणायच्या. बोलता बोलता, सुयांकडे न बघता.

माझी आई त्यांच्यातल्या एकीकडून चार सुयांचे मोजे शिकली. तीन सुयांवर टाके वाटून घ्यायचे आणि चौथीने विणायचं. गोल गोल जात असल्याने उलट ओळ येतच नाही, पट्टे सगळे सुलटच. फक्त शिवणीचे दोन टाके घालू नयेत, म्हणजे ४६ ऐवजी ४४ घ्यावेत. गोल विणताना रंग बदलला की फेरी जिथे सुरू होते तिथे पट्ट्याला पायरी पडते. त्यासाठी आई नव्या रंगाची पहिली फेरी पूर्ण विणायची आणि दुसऱ्या फेरीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून पुढे घ्यायची. पायरी दबते. ही सुरुवात पायाच्या आतल्या बाजूला ठेवली की कुणाला दिसतही नाही.

आईचा शेवटचा अर्धा मोजा माझ्याकडे आहे. सुया अजून त्यातच आहेत. त्या मी काढलेल्या नाहीत.

गोंदियाकडचा


उत्तर: उत्तर: उत्तर: बाळाचे पट्ट्यांचे बिनपंजाचे मोजे

दादा, त्या अर्ध्या मोज्याबद्दल वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, त्या सुया तशाच राहू द्या, पण टाके सुटू नयेत म्हणून सुईच्या टोकांना रबर लावा.

वहिनी, तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

अ‍ॅक्रिलिक धुवायला सोपी हे खरं, पण आईने या घरात ती कधीच आणू दिली नाही, आणि तिचं कारण मला पटतं. इथे बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं की शेगडीत निखारे घेऊन शेक देतात, वर ओव्याची धुरी. अ‍ॅक्रिलिकला आच लागली तर ती वितळते आणि वितळलेली कातडीला चिकटते. लोकर चटकन पेट घेत नाही, पेटली तरी विस्तवापासून दूर नेली की विझते. तरीसुद्धा शेकाच्या वेळी आई मोजे काढून बाजूला ठेवते. तुमच्याकडे निखारे नाहीत, फायरप्लेस असेल तर तेवढं लक्षात असू द्या. धुण्याची अडचण असेल तर मशीनमध्ये चालणारी लोकर असं लेबलवर लिहिलेलं असतं, ती घ्या. साधी लोकर गरम पाण्यात आटून नमद्यासारखी होते. सुती धागा बाळाला मऊ लागतो, पण त्याला ताण नसतो, बॉर्डर दोन दिवसांत ढिली पडते आणि मोजा खाली येतो.

उकडण्याबद्दल: हाता-पायाचे तळवे गार लागले म्हणजे बाळाला थंडी वाजतेय असं नसतं. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर मोजे काढा. घरात हीटर असेल तर रोज लागणारच नाहीत, बाहेर नेताना आणि लंगोट बदलताना मात्र फार सोय होते. पायजमा काढला की पाय उघडे पडतात, मोजे मांडीपर्यंत तसेच राहतात. लंगोट ओला झाला तरी मोजे बहुधा कोरडे. ती रांगायला लागली की गुडघेही जपले जातात. झोपवताना सैल झालेले पायात ठेवू नका.

आतली टोकं गाठ मारून सोडू नका, सुईने सहा-सात टाक्यांत ओवून घ्या. मोजा चढवताना बाळाची बोटं आतून जातात आणि सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला तर तिथलं रक्त थांबू शकतं. आई मोजा घातल्यावर प्रत्येक वेळी बोटं मोजते. मी आधी लाड समजत होते.

विदर्भ म्हटलं की तिकडच्यांना उन्हाळाच आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. इथे पहाटे छपरीतली सारवलेली जमीन पायाला चावते. वेचणीच्या बायका दिवस वर आल्यावर निघतात, लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालून, कारण पऱ्हाटीची सुकलेली बोंडं हाताला ओरबाडतात. आई वेचायला जायची तेव्हा बाबांच्या फाटक्या मोज्यांचे पंजे कापून नुसत्या नळ्या मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची. मी तिला लेग वॉर्मर म्हणजे काय हे समजावत होते, तर तिने उठून ट्रंकेतून तशी एक नळी काढली. “हे तं हातातले हाय. लेकराले पायात.”

बोरन्हाण काल झालं. पाटावर बसवलं, काळं झबलं, हलव्याचा हार, पायात आमचा जोड. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून ओतले आणि शेजारची सगळी पोरं वेचायला तुटून पडली. बाळ रडलं नाही. एक बोर तिच्या दोन पायांच्या मध्ये अडकलं होतं, ते ती दोन्ही हातांनी धरायला बघत होती. मोजे हलले नाहीत. आई खाली वाकून वरच्या काठावर बोट फिरवत होती, आत बोट सहज जातंय का ते पाहायला.

आज सकाळी जोड धुऊन सावलीत वाळत घातलाय. पुढचा थोडा मोठा घ्यायचा आहे, ५० टाक्यांचा, होळीपर्यंत पुरेल असा. ५० टाके आईने मघाशीच सुईवर घातले, पांढऱ्या रंगाचे, आणि सुया माझ्याकडे दिल्यात. वहिनी, तुमच्या वहीतल्या ११ नंबरच्या पानाचा फोटो पाठवा, आईला बघायचा आहे.

दारव्ह्याची लेक