घरातला स्नेक प्लांट: तुमचे अनुभव लिहा

गृहप्रवेशाला भेट आला होता. "याला मरण नाही," असं सांगूनच दिला होता. सहा महिन्यांत गेला. रोज तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात उरलेलं मी त्याला घालत होते. एक दिवस पान पुसायला हात लावला, तर ते अलगद हातातच आलं. बुडाशी पिवळं, बुळबुळीत, वास सडक्या कांद्याचा. फार हळहळ वाटली. दुसरं रोप आणलं, त्याला आता तीन वर्षं झाली, पण पाणी कधी द्यायचं हे अजूनही अंदाजानेच चाललंय. तुमच्याकडे कसं आहे? माती कोणती, उजेड किती, काय चुकलं, सगळं लिहा. गावही लिहा, म्हणजे हवेचा अंदाज येईल. (ठाणे)

डोंबिवलीकर
ताई, तुमचं रोप पाण्यानेच गेलं. माझंही जात होतं, जुलैत. नर्सरीतून आलेली लाल चिकण माती तशीच ठेवली होती, वर कुंडीखाली बशी. पावसाळ्यात आमच्याकडे टॉवेल वाळत नाही, तिथे ती माती कुठून वाळणार! उपटून बघितलं तर अर्ध्या मुळ्या काळ्या, मऊ. त्या कात्रीने कापल्या, कडक होत्या तेवढ्या ठेवल्या. गड्डा वर्तमानपत्रावर सावलीत तीन दिवस वाळू दिला. मग माती, जाड वाळू आणि विटांचे बारीक तुकडे साधारण समान घेऊन मातीच्या कुंडीत लावला आणि आठवडाभर पाण्याचा थेंब दिला नाही. वाचला. आता जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पाणी, तेही काडी बघून. जळलेल्या उदबत्तीची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसायची, पाच मिनिटांनी काढायची. माती चिकटून आली तर पाणी नाही. वरची माती बघून ठरवू नका, ती फसवते.

नागपूरहून
आमच्याकडे पाण्यापेक्षा उन्हाचा घोर. मे महिन्यात पश्चिमेच्या गॅलरीत राहिला आणि पानांवर पांढरट, कागदासारखे कोरडे चट्टे पडले. ते पुन्हा हिरवे होत नाहीत. आता हॉलमध्ये खिडकीपासून दोन हातांवर असतो. मधे अंधाऱ्या पॅसेजमध्येही ठेवून पाहिला. जगला, पण नवी पानं बारीक, लांबुडकी निघून आडवी पडायला लागली. सावलीत चालतो म्हणजे अंधार आवडतो असं नाही.

कोल्हापूर
पिवळ्या काठाचा होता. मोडलेल्या पानाचे चार बोटं लांबीचे तुकडे केले, दोन दिवस सुकवले आणि वाळूत खोचले. (खालचं टोक खालीच हवं. उलटं लावलं तर मूळ धरत नाही, म्हणून कापतानाच खूण करा.) मुळं यायला दोन महिने, कोंब यायला आणखी तेवढेच. रोज डोकावून बघायचे. आणि कोंब निघाला तो साधा हिरवा, पिवळा काठ गायब! पानापासून केलं की तो पट्टा उतरत नाही. काठ हवा असेल तर कंदासकट फुटवा वेगळा करून लावा.

टोरंटोहून
थंडीत पान खिडकीच्या काचेला टेकलं होतं. चार दिवसांत तेवढाच भाग पाणी भरल्यासारखा मऊ पडला. दहा अंशांखालची थंडी याला सोसत नाही. डिसेंबर ते मार्च मी सहा आठवड्यांनी पाणी देतो, कोमट करून.

मांजरवाले घर, पुणे
कृपया हे वाचा. पानांत सॅपोनिन नावाचं, मांजरांना बाधणारं द्रव्य असतं. आमच्या बोक्याने टोक कुरतडलं आणि रात्रभर उलट्या केल्या. डॉक्टरांकडे न्यावं लागलं. बरा झाला. झाड आता उंच कपाटावर आहे.

वनस्पतिशास्त्र शिकवते, नाशिक
"रात्री ऑक्सिजन देतो, हवा शुद्ध करतो" हे वाचून रोप आणणाऱ्यांसाठी थोडं. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. पाणी वाचवण्यासाठी त्याची पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मुख्यतः रात्री उघडतात आणि तेव्हाच तो कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतो. पाणी जास्त का सोसत नाही, याचं उत्तर या सवयीतच आहे. हवा शुद्धीचा बोलबाला झाला तो नासाच्या 1989च्या प्रयोगांमुळे, पण ते बंद पेट्यांमध्ये झाले होते. 2019मध्ये अशा अभ्यासांचा फेरआढावा घेतला गेला. खिडक्या-दारं असलेल्या घरात दोन-चार कुंड्यांनी हवेत जाणवेल असा फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. खिडकी उघडा आणि झाड त्याच्या देखणेपणासाठी ठेवा. तेवढं कारण मला पुरेसं वाटतं. याचं शास्त्रीय नावही बदललंय बरं का: सॅन्सेव्हेरिया आता ड्रसीना वंशात गणतात.

रत्नागिरी
कुणी फुलं पाहिलीत का? कुंडी कंदांनी इतकी गच्च भरली होती की प्लॅस्टिक एका बाजूने फुगलं होतं. मी बदलली नाही. त्या वर्षी पानांच्या मधून दांडा आला, हिरवट पांढऱ्या फुलांचा, देठाशी मधाचे चिकट थेंब. संध्याकाळनंतर वास सुटायचा. आई अंथरुणाला खिळली होती. "काय फुललंय गं?" तिने आतून विचारलं, तेव्हा कुंडी उचलून तिच्या उशाशी नेऊन ठेवली.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच उदबत्तीची काडी घालून पाहिली. वरची माती वाळून भेगाळली आहे, आज पाणी देणारच होते. काडीचं खालचं बोटभर टोक ओल्या चिखलाने माखून आलं. बशी काढून टाकली आहे. रविवारी विटांचे तुकडे आणून माती बदलते. नाशिकच्या ताई, मुळ्या कापाव्या लागल्या तर वर थोडी हळद लावू का?