मदत हवी आहे: तांब्यावर आम्लाचा परिणाम होत नाही, मग चिंचेने ताम्हन लख्ख कसं होतं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. भाची यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. तिचा विज्ञानाचा अभ्यास मी घेते. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे पुस्तकात आहे तेवढं समजावता येतं. पण ती त्याच्या पुढचं विचारते, आणि "पाठ कर" म्हणून तिला गप्प करायचं माझ्या जिवावर येतं.

तिच्या वहीत या दोन ओळी आहेत:

धातू + विरल आम्ल → क्षार + हायड्रोजन
आम्लारी (धातूंची ऑक्साइडं, हायड्रॉक्साइडं) + आम्ल → क्षार + पाणी

क्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे जास्त क्रियाशील धातू वर आणि कमी क्रियाशील खाली अशा यादीत, तांबं हायड्रोजनच्या खाली आहे, म्हणून विरल हायड्रोक्लोरिक आम्लाशी त्याची अभिक्रिया होत नाही, हेही तिला पाठ आहे. आता तिचा प्रश्न: देवघरातलं ताम्हन आपण चिंचेने घासतो. चिंच आंबट, म्हणजे आम्ल. काळपटपणा जातो हे डोळ्यांना दिसतं. मग अभिक्रिया झालीच ना? शिवाय आजी म्हणते, बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. पितळेत तर तांबंच जास्त! मग पुस्तक खरं की आजी?

आणि नायट्रिक आम्लात तांबं विरघळतं, पण हायड्रोजन निघत नाही, असंही तिने वाचलंय. "तो अपवाद आहे" एवढ्या उत्तरावर ती थांबणार नाही, आणि तिने थांबू नये असंच मला वाटतं. कोणी नीट समजावेल का?

मूलद्रव्य:
ताई, पुस्तकही खरं आणि आजीही खऱ्या. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात यावा असं मला दरवर्षी वाटतं.

वहीतल्या दोन्ही ओळी क्षारावर संपतात, म्हणून मुलांना त्या जुळ्या बहिणी वाटतात. आत घडतं ते अगदी वेगळं. जस्त आम्लात टाकलं की जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो. आम्लातले दोन हायड्रोजन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्रोजनचे अणू) ते घेतात, त्यांचा रेणू बनतो आणि बुडबुडा वर येतो. म्हणजे पहिली ओळ ही इलेक्ट्रॉनांची देवघेव. तांबं हायड्रोजनपेक्षा आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतं, म्हणून हायड्रोजन आयनाला ते काढून घेता येत नाहीत. क्रियाशीलता श्रेणी एवढंच सांगते.

दुसऱ्या ओळीत इलेक्ट्रॉन कुणी कुणाला देत नाही. आम्लातला हायड्रोजन आयन ऑक्साइडला किंवा हायड्रॉक्साइडला जाऊन मिळतो आणि पाणी तयार होतं. ताम्हनावरचा काळपट थर मुख्यतः तांब्याच्या ऑक्साइडांचा असतो. त्यातल्या तांब्याने इलेक्ट्रॉन आधीच हवेतल्या ऑक्सिजनला दिलेले आहेत. आम्लाला तिथे काही हिसकावून घ्यायचंच नाही, त्यामुळे क्रियाशीलता श्रेणीचा प्रश्नच येत नाही. कॉपर ऑक्साइड हे आम्लारिधर्मी ऑक्साइड आहे. चिंचेतल्या टार्टारिक आम्लात ते विरघळतं आणि खालचं तांबं तसंच राहतं. चिंचेबरोबर मीठ लावतात ते उगाच नाही. मिठातले क्लोराइड आयन सुटलेल्या तांब्याला द्रावणात धरून ठेवायला मदत करतात.

हिरवा थर असेल तर त्यात कॉपर कार्बोनेट असतं. आम्ल लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. भाचीला तिथे बारीक बुडबुडे दिसलेच, तर ते हायड्रोजनचे नव्हेत, हे तिला आधीच सांगून ठेवा.

ताकाचं उत्तरही इथेच आहे. पातेल्यात नुसतं आम्ल नसतं, हवाही असते. ऑक्सिजन तांब्याचे इलेक्ट्रॉन घेतो, ताकातलं लॅक्टिक आम्ल तयार झालेलं ऑक्साइड विरघळवतं, आणि उघडं पडलेलं तांबं पुन्हा ऑक्सिजनच्या तावडीत सापडतं. असं रात्रभर चालतं. हायड्रोजन कुठेच निघत नाही, पण तांब्याचे क्षार ताकात उतरतात. असं ताक पोटात गेलं तर मळमळ आणि उलट्या होतात.

नायट्रिक आम्लात ऑक्सिजनचं काम नायट्रेट आयन करतो. तो हायड्रोजन आयनापेक्षा कितीतरी जोरकस ऑक्सिडीकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणारा आहे. इलेक्ट्रॉन तोच घेतो, म्हणून हायड्रोजनऐवजी नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. संहत आम्ल असेल तर तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड, विरल असेल तर मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड. म्हणजे नियम मोडला नाही, इलेक्ट्रॉन घेणारा बदलला.

कथील:
कल्हई लावताना बघितलंय का कुणी? तापलेल्या भांड्यात कल्हईवाला नवसागर टाकतो आणि पांढरा धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, आणि यातलं हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतं. स्वच्छ धातू उघडा पडल्याशिवाय कथील धरतच नाही. रानजाईताई, ही भाचीच्या दुसऱ्या ओळीचीच करामत. आता कल्हईवाले फार दिसत नाहीत, पण कुठे दिसले तर मुलीला जरूर दाखवा.

रानजाई:
खूप खूप आभार. श्रेणी फक्त पहिल्या ओळीला लागू, हे कळल्याबरोबर तिचा चेहरा खुलला. घरी करून बघण्यासारखं काही आहे का? आणि तिचा अजून एक प्रश्न: शाळेत विरल हायड्रोक्लोरिक आम्लात मॅग्नेशिअमची फीत टाकल्याबरोबर बुडबुडे आले, पण ॲल्युमिनिअम बराच वेळ नुसतं पडून होतं आणि मग एकदम जोर धरला. असं का?

मूलद्रव्य:
घरी करायचं तर तांब्याच्या उघड्या तारेचं टोक चिमट्यात धरून मोठ्या माणसाने गॅसवर तापवावं. ते काळं पडेल. गार झाल्यावर मीठ घातलेल्या लिंबाच्या रसात बुडवा. काळेपणा उतरेल, बुडबुडे येणार नाहीत. शेजारच्या वाटीत लोखंडी खिळा व्हिनेगरमध्ये ठेवा. त्याच्यावर हळूहळू बुडबुडे धरतील. खिळा गंज न चढलेला आणि जस्ताचा मुलामा नसलेला घ्या, नाहीतर तुलना फसेल. संडास साफ करायच्या आम्लाला मात्र अजिबात हात लावू नका. ते ब्लीचमध्ये मिसळलं गेलं तर क्लोरिन वायू सुटतो.

ॲल्युमिनिअमवर त्याच्या ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो. आम्ल आधी तो विरघळवतं. त्यात क्षार आणि पाणी तयार होतं, म्हणून बुडबुडे दिसत नाहीत. थर गेला की आम्ल धातूपर्यंत पोचतं आणि हायड्रोजन सुटू लागतो. अभिक्रियेत उष्णताही निघते, म्हणून वेग वाढत जातो. म्हणजे त्या परीक्षानळीत तिने आधी वहीतली दुसरी ओळ पाहिली आणि मग पहिली.