मदत हवी आहे: सॉमरसेटच्या जॉर्ज इनचं लाकूडकाम कसं वाचावं?

नमस्कार मंडळी,

इथे इंग्लंडात वास्तुसंवर्धन शिकतेय. अहवालासाठी नॉर्टन सेंट फिलिप गावातलं जॉर्ज इन घेतलंय. हिंटनच्या कार्थुशियन मठाने (कार्थुशियन हा ख्रिस्ती संन्याशांचा एक पंथ) बांधलेली ही मध्ययुगीन सराय. लोकरीच्या जत्रेला येणारे व्यापारी इथे उतरत. १६८५ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सविरुद्ध बंड करणाऱ्या मॉन्मथच्या ड्यूकचा मुक्कामही इथेच होता.

अडचण दर्शनी भिंतीची आहे. तळमजला दगडी, वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे, आणि प्रत्येक मजला खालच्यापेक्षा रस्त्याकडे पुढे आलेला. मधल्या कमानीतून मागच्या अंगणात जाता येतं. दगड आणि लाकूड एकाच वेळचं, की लाकडी मजले नंतर चढवले? सरांनी बजावलंय, नुसत्या शैलीवरून काळ ठरवायचा नाही. मग नेमकं बघू काय?

शिवाय इथे १३९७ पासून दारूचा परवाना असल्याचं सांगतात. इंग्लंडात मद्यगृहांना परवाना सक्तीचा करणारा कायदा १५५२ चा! हे अहवालात कसं मांडू?

प्रतिसाद १

आधी मान वर करून कडीपाट बघा. मध्ययुगीन सुतार कड्या आडव्या घालत, म्हणजे रुंद बाजू खाली. उभ्या, अरुंद कड्या दिसल्या तर काम बहुधा बरंच नंतरचं. मजला पुढे काढलाय तो याच कड्यांच्या टोकांवर. त्या टोकांवर वरच्या भिंतीची तुळई बसते. म्हणून कडी आतून बाहेरपर्यंत अखंड आहे का, तेही तपासा.

मग सांध्यांपाशी बॅटरी तिरकी धरा. सांगाडा आधी सुताराच्या आवारात जुळवून, सुटा करून जागेवर आणत, त्यामुळे लाकडावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरलेल्या असतात. क्रम मध्येच तुटला किंवा रिकामी खाच दिसली, तर तिथे फेरबदल झालाय किंवा जुनं लाकूड पुन्हा वापरलंय.

पक्कं उत्तर वृक्षवलयांवरून, म्हणजे लाकडातली वार्षिक वलयं मोजून मिळेल. त्यासाठी लाकडात भोक पाडून नमुना घेतात, पण इमारत पहिल्या श्रेणीची संरक्षित आहे, परवानगीशिवाय भोक पाडायचं नाही.

प्रतिसाद २

१३९७ ला "परंपरेनुसार" लिहा आणि कायद्याचं साल शेजारीच द्या. मोजमापं घ्यायला रविवारी दुपारी जाऊ नका, जेवणाऱ्यांच्या गर्दीत टेप उलगडायलाही जागा मिळणार नाही.