गाडीच्या तोंडावर सात खाचांची जाळी लावली की झाली जीप?

घाटवाट:
स्पष्टच लिहितो, २००६ नंतर जीपच्या नावाखाली आलेल्या बऱ्याचशा गाड्यांना मी जीप मानत नाही. २००६ ला कंपास आणि पेट्रियट आल्या, त्यांचा सांगाडा मित्सुबिशीबरोबर मिळून केलेला, साध्या मोटारीचा. २०१४ ला रेनेगेड आली ती तर इटलीत मेल्फीला बनायची, फियाटच्या छोट्या गाड्यांच्या प्लॅटफॉर्मवर.

मूळ गाडी काय होती बघा ना. १९४० साली अमेरिकन लष्कराने १३५ कंपन्यांना विचारलं, पाव टन माल नेणारी फोर व्हील गाडी पाहिजे आणि नमुना ४९ दिवसांत हजर करा. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची बँटम कंपनी, जिचं दिवाळं निघायच्या बेतात होतं, तिने कार्ल प्रोब्स्टला बोलावून घेतलं आणि २३ सप्टेंबरला गाडी मेरीलँडच्या कॅम्प होलाबर्डला नेऊन उभी केली. पुढे विलिस कंपनीने आपलं ६० हॉर्सपॉवरचं गो-डेव्हिल इंजिन घातलं, फोर्डही बनवायला लागली, दोघींनी मिळून युद्धात सहा लाखांवर गाड्या काढल्या. त्या गाडीत शोभेचं काहीच नव्हतं. समोरची काच बॉनेटवर आडवी पडायची, गिअरच्या दांड्याशेजारी अजून दोन दांडे, एकाने पुढचा एक्सल जोडायचा, दुसऱ्याने लो रेंज, म्हणजे चढाला-चिखलाला हळू पण जास्त जोराने चालायचा गिअर. प्रत्येक दांडा कामाचा. आणि आज टू व्हील ड्राइव्हची गाडी त्याच नावाने विकतात, हे मला पटतच नाही.

टोलेडोकर:
असहमत. मी अमेरिकेत टोलेडोजवळच राहतो, इथे जीप म्हणजे गावाची रोजीरोटी आहे, त्यामुळे हा विषय जवळचा आहे.

टू व्हील ड्राइव्हची जीप हे फियाटचं पाप नाहीये हो. युद्ध संपल्यावर १९४६ ला विलिसने पत्र्याच्या बॉडीची स्टेशन वॅगन आणली ना, ब्रुक्स स्टीव्हन्सने काढलेली, ती टू व्हीलच होती, फोर व्हील १९४९ ला मिळायला लागलं. १९४८ ची जीपस्टर पण टू व्हील. नंतर डिस्पॅचर, जी इथल्या पोस्टमनांनी वर्षानुवर्षं वापरली, उजव्या हाताच्या स्टेअरिंगची, ती पण टू व्हील. म्हणजे तुम्ही म्हणताय ती शुद्ध जीप फार तर पाच वर्षं होती आणि ती पण युद्धात, जेव्हा गिऱ्हाईक एकच होतं.

आणि मालक मोजा. विलिस १९५३ ला कायझरने घेतली, १९७० ला एएमसी या अमेरिकन मोटार कंपनीने, १९८७ ला क्रायस्लरने साधारण दीड अब्ज डॉलर टाकून एएमसी घेतली ती मुख्यतः जीपसाठीच, क्रायस्लरचे प्रमुख आयकोका यांना एएमसीच्या बाकी गाड्यांशी फारसं घेणंदेणं नव्हतं. मग १९९८ ला डाइमलर, २००७ ला सर्बेरस, २००९ ला दिवाळखोरी आणि फियाट, २०२१ पासून स्टेलांटिस. विलिस गेली, कायझर गाड्यांतून उठली, एएमसी संपली, जीप राहिली. ती राहिली कारण प्रत्येक मालकाने शहरातल्या माणसाला विकता येईल अशी काहीतरी जीप काढली. १९६३ ची वॅगनियर काय रानात जायला काढली होती का, उपनगरातल्या पैसेवाल्या घरांना विकली, पुढे तर लाकडाच्या नक्षीचं स्टिकर लावून.

गॅरेजवाला_नाशिक:
घाटवाट भाऊ, मी तुमच्या बाजूने, पण खरी जीप बघायची तर अमेरिकेत जाऊच नका. सीजे थ्री बी हे विलिसचं मॉडेल अमेरिकेत १९५३ ला आलं आणि १९६८ ला बंद झालं. उंच बॉनेटची गाडी, इंजिन उंच होतं म्हणून बॉनेट वर उचललेलं. महिंद्राने मुंबईत विलिसच्या गाड्या जोडायला सुरुवात केली ती चाळीसच्या दशकात, आणि हे मॉडेल तिकडे बंद पडल्यावरही आपल्याकडे कितीतरी वर्षं त्याच अंगकाठीवर गाड्या निघत राहिल्या, नंतर प्युजोचं डिझेल घालून. माझ्याकडे अजून येतात, स्प्रिंगचे पाटे बदलायला, क्लच प्लेट टाकायला. बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं, पाना फिरवायला जागा आहे. ते घराणं इकडे चालू राहिलं असं माझं मत.

आणि २०१८ मध्ये महिंद्राने त्याच घराण्यातली रॉक्सर मिशिगनमध्ये बनवून विकायला काढली, रस्त्यावर नाही, शेताबितात चालवायची गाडी, तर हे जीपवालेच कोर्टकचेरीला उठले की आमच्या गाडीसारखी दिसते. २०२० ला तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने जीपच्या बाजूने निकाल दिला. ज्यांना लायसन देऊन शिकवलं त्यांनाच तुमचं तोंड आमच्यासारखं आहे म्हणायचं, हे मला फार लागलं.

टोलेडोकर:
गॅरेजवाले दादा, रॉक्सरबद्दल वाईट मलाही वाटतं पण चेहऱ्यावर हक्क सांगायची जीपची सवय जुनीच आहे. विलिसने युद्धात जाहिराती केल्या की जीप आम्ही जन्माला घातली, त्यावर फेडरल ट्रेड कमिशनने केस केली आणि १९४८ ला निकाल दिला की असं म्हणता येणार नाही, बँटमचं श्रेय आहे. तोवर बँटम गाड्या बनवायची थांबली पण होती, तिच्या वाट्याला जेमतेम २,७०० गाड्या आल्या. आणि ती पत्र्यात ठोकलेली सपाट जाळी? ती फोर्डची, नऊ खाचांची. सात खाचा १९४५ च्या सिव्हिलियन गाडीपासून. फोर्डने तर आपल्या गाडीच्या बोल्टच्या डोक्यावर एफ अक्षर कोरलं होतं, जुनी गाडी दुरुस्त करणारे आजही ते अक्षर बघून बोल्ट गोळा करतात. म्हणजे डिझाइन बँटमचं, इंजिन विलिसचं, तोंड फोर्डचं. शुद्ध रक्त शोधायला गेलात तर पहिल्या गाडीतच सापडणार नाही.

घाटवाट:
रक्ताचं मी बोललोच नाही, तीन कंपन्यांनी मिळून केली तरी काम एकच होतं, जिथे रस्ता नाही तिथे जायचं. माझा मुद्दा तोच आहे. एएमसीची १९८४ ची चेरोकी एक्सजे घ्या, तिला वेगळी चासी नव्हती, बॉडी आणि सांगाडा एकच, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली असतील, पण पुढे मागे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर), मागे पाटे, लो रेंज होतं, आणि १९८७ पासून चार लिटरचं सहा सिलिंडर सरळ इंजिन, त्या गाड्या अजून चिखलात उतरतात. हलकी केली, शहरी केली, तरी जीपच ठेवली. म्हणजे करता येतं! कंपासच्या फोर व्हीलला लो रेंजची वेगळी पेटीच नाही, मग चढावर नुसती इलेक्ट्रॉनिक्सच्या भरवशावर राहायचं का.

चिखलवाट:
मला दोन्हीकडचं थोडं पटतंय, पण एक सांगू का, ही तक्रार दर पिढीला होते. १९८७ ची रँगलर चौकोनी दिव्यांची आली तेव्हा खऱ्या जीपला गोल दिवे असतात असे स्टिकर लोक गाड्यांना लावून फिरायचे. क्रायस्लरने १९९७ च्या मॉडेलला गोल दिवे परत आणले, पण सोबत पाटे काढून कॉइल स्प्रिंग दिले, ज्याने गाडी दगडांवर जास्त चांगली चालायला लागली. दिव्यांसाठी भांडले त्यांनी स्प्रिंग बघितले असते तर बरं झालं असतं. आजची रँगलर पुढे मागे सॉलिड एक्सलवरच आहे, टोलेडोतच बनते आणि २०२१ पासून रांजणगावला जोडायला पण लागलेत. ती गाडी टिकवायला पैसा कंपास आणि चेरोकीनेच आणला.

टोलेडोकर:
हेच. २०१८ ला अमेरिकेत जीपच्या ९ लाख ७० हजारांवर गाड्या खपल्या, त्यात चेरोकी, कंपास, रेनेगेडचा वाटा मोठा. २०२१ ला महागड्या वॅगनियर आणल्या, २०२३ ला इथे रेनेगेड आणि चेरोकी बंद केल्या, आणि २०२४ ला आकडा सहा लाखांच्या खाली. स्वस्त जीप काढून टाकली की काय होतं ते बघितलंच आम्ही.

घाटवाट:
आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. भाव एवढे वाढवल्यावर गिऱ्हाईक जाणारच, त्यात मऊ, शहरी गाड्यांचं काय कौतुक. स्वस्त आणि लो रेंजवाली, दोन्ही एका गाडीत द्या की. थारने आपल्याकडे ते करून दाखवलं, लोकांनी रांगा लावल्या. जीपच्या नावाने तशी छोटी फोर व्हील गाडी आजच्या घडीला कुठेच मिळत नाही, आणि फियाटपासून स्टेलांटिसपर्यंत एकालाही ती काढावीशी वाटली नाही, माझा राग त्याच्यावर आहे.

गॅरेजवाला_नाशिक:
+१. आणि काढली तर पाना फिरायला जागा ठेवा म्हणावं.