सी हॅरियरचं मॉडेल: हरवलेले भाग कुठे मिळतील? आणि हे विमान उठायचं कसं?

नाशिकरोडची_मावशी
नमस्कार. भाचीसाठी 1:72 मापाचं, सी हॅरियर या लढाऊ विमानाचं जुनं किट घेतलंय. तिला आपल्या नौदलाचं, 300 स्क्वाड्रनचं 'व्हाइट टायगर्स' विमान करायचंय. डब्यात पुढचा उजवा नॉझल (इंजिनाचा झोत सोडणारं फिरतं तोंड), पंखाच्या टोकाचं एक चाक आणि दोन्ही क्षेपणास्त्रं नाहीत. नाशकात कुठे मिळतील? ओझरच्या विमान कारखान्यात कुणाला विचारू का? शिवाय हे जागच्या जागी उठतं कसं, हा तिचा प्रश्न आहेच.

सातपूरचा_लेथवाला
ताई, ओझर म्हणजे मिग आणि सुखोई ही लढाऊ विमानं. हॅरियरचा मुक्काम गोव्यात, दाबोळीला होता.

एकेक सुटा भाग मिळणं अवघड, त्यापेक्षा करून घ्या. चाक सोपं आहे: असलेल्या चाकाला टाल्कम लावून मातीत दाबा, खळग्यात एम-सील भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा. नॉझलला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण उजवा हा डाव्याचा आरसा असतो. डावा व्हर्नियरने मोजून कॅडमध्ये (संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये) काढा, उलटा करा आणि रेझिनची थ्रीडी प्रिंट घ्या. अंबड-सातपूरकडे प्रिंट काढून देणारे सापडतील. आणि एव्ही-8बीच्या (अमेरिकी हॅरियरच्या) किटमधली बाजूची चाकं घेऊ नका, त्याची पंखाच्या मध्याकडे असतात.

दाबोळीचा_निवृत्त
नौदलात याच विमानांवर काम केलंय, म्हणून मोठं लिहितो.

पेगासस इंजिन एकच, नॉझल चार. पुढच्या दोहोंतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोहोंतून गरम झोत. म्हणून मागच्या नॉझलभोवती धातूची उष्णतारोधक ढाल असते, तिथे जळकट रंग द्या. चारही नॉझल साखळ्या आणि शाफ्टने जोडलेले, एकत्रच फिरतात. खाली वळवले की झोत विमानाला वर उचलतो, मागे वळवले की पुढे ढकलतो. वैमानिकाच्या डाव्या हाताला थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) आणि शेजारी नॉझलचा दांडा. हवेत स्थिर असताना पंखांवरून वारा वाहत नाही, मग नाक, शेपूट आणि पंखांची टोकं इथल्या छोट्या झोतांनी तोल सांभाळायचा.

इंधन आणि शस्त्रं भरून सरळ वर उठणं परवडत नसे. विराट या विमानवाहू जहाजावरून थोडं धावून स्की-जंपवरून (डेकच्या टोकाच्या वर वळलेल्या चढावरून) उडायचं, उतरताना हलकं झालेलं विमान उभं खाली घ्यायचं.

क्षेपणास्त्रं अमेरिकी साइडवाइंडर लावू नका, आपल्याकडे फ्रेंच मात्रा मॅजिक होती. मिराज 2000 च्या किटमध्ये ती असते, कुणाकडे उरली असेल तर मागा. काचेपुढची, वाऱ्याची दिशा दाखवणारी चिमुकली पट्टी विसरू नका, बारीक तारेची होईल. इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या) कडेच्या झडपांपैकी वरच्या, विमान जमिनीवर इंजिन बंद करून उभं असताना, स्वतःच्या वजनाने आत लोंबतात. एवढं केलंत तर जाणकार थांबून बघेल.

नाशिकरोडची_मावशी
काका, मनापासून आभार! रंग कोणता द्यायचा? आणि खरं विमान बघायला मिळेल का?

दाबोळीचा_निवृत्त
1983 अखेरीस आली तेव्हा वर गडद राखाडी, खाली पांढरं. तेच करा, व्हाइट टायगरवर शोभतं. मे 2016 मध्ये निवृत्त झाली. बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात एक उभं आहे. भाचीला घेऊन या आणि पोटाखाली वाकून नॉझल बघायला सांगा.

सातपूरचा_लेथवाला
ताई, आधी किटचं नाक बघा. टोकदार असेल तर बरोबर. गोल फुगीर असेल तर तो एफए 2, म्हणजे सी हॅरियरचाच नंतरचा ब्रिटिश प्रकार, ती जात आपल्याकडे कधी आली नाही. नाकाचा फोटो टाका, मग नॉझलचं ड्रॉइंग मी काढून देतो.