मेन स्विच पाडला की फायर पंपही बंद?

लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांच्या लाइनवरूनच फायर पंप (आग विझवायला पाणी ढकलणारा पंप) घेतला तर काय बिघडतं, असं एकाने विचारलंय. बिघडतं ते नेमकं आगीच्या वेळी. अग्निशमन दलाचे जवान आल्या आल्या इमारतीची वीज तोडायला लावतात. पंपाची वीज त्याच मेन स्विचमधून येत असेल तर हायड्रंट, म्हणजे जवान पाइप जोडतात तो नळ, कोरडा. म्हणून पंपाची लाइन मेन स्विचच्या आधीच वेगळी काढायची, केबल आग सोसणारी घ्यायची आणि स्विचवर 'फायर पंप, बंद करू नये' अशी पाटी लावायची.

जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. थेट स्टार्टरवर (मोटरला एकदम पूर्ण वीज देणाऱ्या) मोटर सुरू होताना नेहमीच्या साधारण सहापट करंट ओढते. आमच्या सोसायटीत जनरेटरवर लिफ्ट आरामात चालायची. पंपाचं बटण दाबलं तर दिवे मिणमिणले आणि कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा आपोआप चालणारा स्विच) खटखटून सुटला. मग विजेशिवाय चालणाऱ्या डिझेल पंपाकडे धावलो, तर त्याचं इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर! दोन वर्षं कुणी पाहिलंच नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत 'फॉर्म बी', म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा तपासून ती चालू असल्याचा परवानाधारक एजन्सीचा दाखला, द्यावा लागतो. त्या तपासणीला मेन स्विच पाडूनच पंप चालवून दाखवायला सांगा.