शब्दचर्चा : 'दृश्यसंगीत' की 'सहसंवेदी चित्रपट'?

प्रश्न : संगीत, रंग आणि इंद्रियानुभव यांवरच्या एका प्रायोगिक चित्रपटाविषयी मी लिहीत आहे. त्यात कथानक नाही, संवादही नाहीत. सुरांबरोबर रंगीत आकार उमटतात, पसरतात आणि विरतात. अशा चित्रपटाला 'संगीतपट' म्हणावे, 'दृश्यसंगीत' म्हणावे, की 'सहसंवेदी चित्रपट'?

उत्तर : 'संगीतपट' टाळावा, कारण तो शब्द वाचताच मराठी वाचकाच्या मनात गाण्यांनी भरलेला कथापट उभा राहतो. उरलेले दोन्ही शब्द चांगले आहेत. परंतु ती एकाच गोष्टीची नावे नाहीत, आणि चित्रपटविषयक लेखनात ती एकमेकांच्या जागी वापरली जातात, हे मला मनापासून खटकते.

'सहसंवेदन' ही अनुभवणाऱ्या व्यक्तीच्या जाणिवेची अवस्था आहे. एका इंद्रियाला चेतना मिळताच दुसऱ्या इंद्रियाचा अनुभवही आपोआप जागा होतो. एखाद्याला विशिष्ट स्वर ऐकताच विशिष्ट रंग जाणवतो, तो त्याने निवडलेला नसतो आणि बहुधा वर्षानुवर्षे तोच राहतो. दोन सहसंवेदी व्यक्तींचे रंग मात्र जुळतीलच असे नाही. ('सहसंवेदना' हे रूप येथे नको, त्यातून सहानुभूतीचा अर्थ डोकावतो.)

चित्रपटातले रंग कोणीतरी विचारपूर्वक योजलेले असतात. प्रायोगिक चित्रपटकार ऑस्कर फिशिंगर यांनी १९३८च्या 'ॲन ऑप्टिकल पोएम' या लघुपटामध्ये संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांच्या 'दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी' या रचनेसाठी कागदी आकार तारांना टांगले आणि ते किंचित किंचित हलवून एकेक चौकट चित्रित केली. इतक्या कष्टाने बांधलेल्या रचनेला 'सहसंवेदी' म्हटले, तर कलावंताची निवडच झाकली जाते. तिला 'दृश्यसंगीत' म्हणावे. ती पाहताना प्रेक्षकाला सहसंवेदनासारखे काही जाणवले, तर तो तिचा परिणाम म्हणून वेगळा नोंदवावा.

ॲनिमेशनपटकार नॉर्मन मॅक्लॅरन यांच्या १९७१च्या 'सिन्क्रोमी' या लघुपटात हा भेद आणखी स्पष्ट होतो. तेथे फिल्मच्या कडेच्या ध्वनिपट्टीवरील आकृत्यांमधून जाणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारांतून सूर निर्माण होतात, आणि त्याच आकृत्या रंग देऊन पडद्यावर दाखवलेल्या आहेत. आकार आणि सूर यांचे नाते येथे यंत्रातच आहे, कोणाच्या मनावर ते अवलंबून नाही. रंग तेवढे मॅक्लॅरन यांनी निवडलेले. या चित्रपटालाही 'दृश्यसंगीत' हेच नाव शोभते.

पुरवणी : वरील मताशी मी सहमत आहे, पण अशा लेखात क्रियापदांकडेही लक्ष द्यावे लागेल. 'मैफल रंगली' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कोणताही रंग नसतो. मात्र या चित्रपटाविषयी 'उत्तरार्धात संगीत रंगते' असे लिहिले, तर बहार आली की पडद्यावर रंग आले, हे वाचकाला कळणार नाही. तेथे 'सुराबरोबर रंग उमटतो' असे सरळ लिहावे. 'वर्णसंगीत' हा शब्दही सुचू शकेल, परंतु आपल्या संगीतशास्त्रात स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी या गानक्रियांनाच 'वर्ण' म्हणतात, त्यामुळे जाणकार वाचक तो शब्द भलत्याच अर्थाने घेईल. त्याउलट स्वरांना रंग देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही: तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकरा'त सातही स्वरांचे रंग सांगितले आहेत, आणि त्यांत गांधार सुवर्णवर्णी, तर पंचम काळा आहे. तो संदर्भ लेखात अवश्य यावा, पण सहसंवेदनाचा दाखला म्हणून नव्हे. ते रंग शास्त्राने नेमून दिलेले आहेत.